कोजागरीचे दूध साडेदहाला चढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोजागरीच्या रात्री नागपुरात गच्चीगच्चीवर दुधाचा गंज, म्हणजे मोठे पातेले, दिसतो. बहुतेक ठिकाणी दूध सातलाच उकळून वर नेतात आणि पूजा होईपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, पातळ फडके टाकून चांदण्यात ठेवतात. खरी चूक इथेच होते. आपल्याकडे अश्विनातली रात्र काही गार नसते. ते दूध पाच तास ना गरम, ना थंड. 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. उकळीनंतरही काही जंतूंचे बीजाणू दुधात टिकून असतात आणि वर घातलेल्या सुक्या मेव्याच्या पुडीसोबत आणखी जातात. दूध आंबूस लागले नाही म्हणजे ते चांगले आहे, असे नाही.

चांदण्यात नैवेद्याची वाटी ठेवावी. बाकीचे दूध साडेदहाला चढवावे, आटल्यावर मंद आचेवर वाफ निघत राहील इतके गरम ठेवावे आणि तिथूनच पेल्यात ओतावे. भुलाबाईची गाणी म्हणून पेंगुळलेल्या पोरांसाठी लिटरभर वेगळे आधीच करावे.

वीस जणांना 4 लिटर फुल क्रीम दूध पुरते. त्यात 6 टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात 3 टक्केच असल्याने ते दाट होत नाही, मग कस्टर्ड पावडर पडते आणि दुधाला कच्च्या पिठाची चव येते. दूध आटून सव्वातीन लिटर झाले की पुरे. त्याला पाऊण तास लागतो. साखर 320 ग्रॅम, तीही आटल्यावरच. आधी घातली की बुडाला धरते. गंजात आधी पाणी फिरवून दोन चमचे तळाशी राहू द्यावे, मग दूध ओतावे आणि उलथण्याने तळ खरवडत ढवळावे. तरीही करपल्याचा वास आलाच, तर तळाला हात न लावता वरचे दूध लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे. करपलेला वास कितीही विलायची घातली तरी झाकत नाही.

मसाल्याला बदाम 100 ग्रॅम, पिस्ते 50 ग्रॅम, विलायची 25 नग, पाव जायफळ, केशर पाव ग्रॅम. बदाम-पिस्ते कोरडे भाजून पूर्ण गार होऊ द्यावेत. मोजलेल्या साखरेतलीच दोन चमचे साखर घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवावा. गरम मेवा सलग फिरवला की तेल सुटते, पुडीचा गोळा होतो आणि दुधावर तवंग तरंगतो. केशर गरम पळीत क्षणभर शेकून चुरडावे व अर्धी वाटी गरम दुधात वीस मिनिटे भिजवावे. पूड शेवटच्या दहा मिनिटांत घालावी.

चारोळी 50 ग्रॅम, अख्खीच. इतवारीतून आणा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून, पाच-सहा दाणे चावून पाहिल्याशिवाय घेऊ नका. जुनी चारोळी खवट होते आणि मूठभर खवट दाणे सगळा गंज बिघडवतात.

दूध फाटण्याची कारणे दोन. एक, कालची आणि आजची पाकिटे एकत्र ओतणे. प्रत्येक दिवसाच्या दुधातले अर्धी वाटी वेगळे उकळून पाहावे. दुसरे कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सणासाठी पितळी गंज चिंचेने घासतात, आणि काठाच्या वळकटीत चिंचेचे पाणी राहते. तो दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावा. कल्हई उडालेली असेल तर पितळ नकोच, जाड बुडाचे स्टील घ्यावे.

उरलेले दूध गार पाण्याच्या परातीत ठेवून तासाभरात फ्रीजमध्ये जावे.

आपल्या कोजागरी पुरवणीत दरवर्षी ‘साखर चवीपुरती, सुका मेवा आवडीनुसार’ असे छापून येते. पहिल्यांदाच वीस माणसांचे दूध करणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. यंदा वजन, माप आणि वेळ यांसह कृती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर