पुस्तकाचा वाचक कचेरीसमोर भेटला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी पुस्तके खपत नाहीत, ही तक्रार आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून वाचावयास मिळते. स्वखर्चाने पुस्तक छापून हात पोळून घेतलेल्या माणसाचा अनुभव या चर्चेत उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी एकतीस वर्षे तळकोकणात तलाठी म्हणून नोकरी केली. सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे जमिनीच्या सरकारी नोंदींचे उतारे सामान्य माणसाने कसे वाचावेत, यावर निवृत्तीनंतर १४४ पानांचे पुस्तक लिहिले. सातमध्ये जमिनीवरचा हक्क आणि बारामध्ये तिच्यातले पीक, ही साधी गोष्टही अनेक खातेदारांना ठाऊक नसते. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असलेल्या जमिनीचे हस्तांतर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येत नाही, हे तर पुष्कळांना विसार देऊन बसल्यावर कळते. हे सारे मी चावडीत बसून पाहिले असल्यामुळे पुस्तकाच्या गरजेविषयी मला शंका नव्हती, आणि त्या भरात ५०० प्रती छापून मोकळा झालो.

प्रकाशन समारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी बटाटेवडा. जमलेल्या साठेक मंडळींत नातेवाईक, निवृत्त सहकारी आणि तालुक्यातले कवी होते. सहकाऱ्यांना सातबारा वाचता येत होताच आणि कवींना तो वाचायचा नव्हता. तरीही ‘सप्रेम भेट’ लिहून सव्वाशे प्रती मी वाटल्या. पुढे एका शहरी संस्थेने ‘जगभर वितरण’ करून देण्याचे बावीस हजार रुपये घेतले; वर्षभरात त्यांच्यामार्फत दोन प्रती गेल्या आणि त्यांतली एक माझ्या जावयाने मागवली होती. उरलेले गठ्ठे दिवाणाखाली गेले. पावसाळ्यात त्यांना कसर लागू नये म्हणून सौभाग्यवती मधूनमधून त्यांत कडुनिंबाचा पाला घालीत.

पुस्तकाचा वाचक मला भेटला तो तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. एक मुंबईकर गृहस्थ हातातला उतारा पुढे करून दुकानदाराला विचारीत होते, “आमच्या आजोबांचं नाव कंसात का घातलंय?” फेरफाराने, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीने, एखाद्याचा हक्क कमी झाला की नाव कंसात जाते, तो फेरफार कोणता याचा क्रमांक शेजारीच असतो आणि तो घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, पाहायची असते, हे सगळे माझ्या पुस्तकाच्या सदतिसाव्या पानावर होते. पिशवीतली प्रत काढून दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या दोन पाने वाचली, दीडशे रुपये दिले आणि डोंबिवलीच्या भावासाठी आणखी एक प्रत मागितली.

त्या दुकानदाराने मला जे शिकवले, ते कोणत्याही वितरकाने शिकवले नव्हते. पुस्तकाचे नाव मी ‘महसुली अभिलेख : स्वरूप व परंपरा’ असे ठेवले होते. तो म्हणाला, “भाऊ, हे परीक्षेचं पुस्तक वाटतं, हात कोण लावणार?” मग केवळ वेष्टन नव्याने छापून घेतले. त्यावर ‘आपला सातबारा आपणच वाचा’ एवढेच शब्द आणि खाली नमुन्याचा उतारा ठेवला. एक प्रत सुतळीने बांधून त्याच्या टेबलावर लटकवली आणि विकलेल्या प्रतीमागे चाळीस रुपये त्याला ठरवून दिले. हीच व्यवस्था पुढे एका स्टॅम्प व्हेंडरकडे आणि एका सेतू केंद्रात केली. इतर दिवशी एखादी आणि आठवडा बाजाराच्या दिवशी तीन-चार प्रती जात. गणपतीच्या आठवड्यात मात्र एकेचाळीस गेल्या, कारण चाकरमानी गावी आले की सामाईक जमिनीच्या हिश्श्यांचा विषय आरती आटोपल्यावर निघतोच.

लग्न होऊन गेलेल्या मुली वारस नोंदीचे प्रकरण उघडून वाचीत आणि आणखी विचारीत. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला असताना मी त्या विषयाला दीड पान दिले होते, याची मला शरम वाटली. दुसऱ्या आवृत्तीत त्याला अकरा पाने दिली आणि जमीन महसुलाच्या इतिहासाचे, मलिक अंबरापासून सुरू होणारे माझे लाडके पहिले प्रकरण परिशिष्टात ढकलले. वाईट वाटले, पण ते कोणी वाचीत नव्हते हे सुतळीच्या प्रतीवरून उघड दिसत होते. तिची मळलेली पाने सगळी मधली होती.

ज्ञानकोशकार केतकरांनी १९१६ मध्ये नागपुरास ज्ञानकोश मंडळ स्थापून तेवीस खंडांचे काम वर्गणीदारांच्या बळावर तडीस नेले. आम्ही हौशी लेखक आधी छापतो आणि मग वाचक शोधू लागतो. कविता-कथांचे गणित वेगळे असेल, त्याविषयी मी बोलत नाही. परंतु हळदीची लागवड, मधुमेहींचा आहार किंवा गृहनिर्माण संस्थेचे हिशेब यांवरचे पुस्तक ज्याला हवे असते, तो ते कृषी सेवा केंद्रात, औषधाच्या दुकानात किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत भेटतो. ग्रंथप्रदर्शनात तो सहसा फिरकत नाही. टपाल खात्याच्या ज्ञान पोस्टमध्ये ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक मूळ वीस रुपयांच्या दराने जाते, त्यामुळे दूरच्या वाचकालाही ते परवडते.

यासंदर्भात आपणास एक विनंती आहे. अशी पुस्तके वृत्तपत्राकडे आली की त्यांची रवानगी साहित्याच्या पुरवणीतील ‘पोच’ या सदरात होते आणि तेथे ती दोन कादंबऱ्यांच्या मध्ये दोन ओळींत संपतात. शेतीच्या पुस्तकाची नोंद शेतीच्या पानावर आणि कायद्याच्या पुस्तकाची नोंद वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नोत्तरांखाली घेतली, तर जागा तेवढीच लागेल. माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती सोबत पाठवीत आहे. त्या कृपया साहित्य विभागाकडे न देता, शेतजमिनीविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांकडे द्याव्यात.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त तलाठी, सिंधुदुर्ग