चहाचं पुरे, दारूचं बोला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरचा लेख वाचला, भाषा छान आहे, पण चहावर कर वाढला म्हणून शेतकरी कुदळ-फावडी घेऊन उठले हे काय लिहिलंय? १७७३ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त पडणार होता, कर जुनाच होता. राग होता तो आम्हाला न विचारता लंडनच्या पार्लमेंटनं कर लावायचाच का याचा, आणि कंपनीला मोकळं रान मिळालं की अमेरिकेतले व्यापारी बसणार याचा. शिवाय बोस्टनच्या बंदरात चिडलेल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या बुडवल्या डिसेंबर १७७३ मध्ये आणि जवळच्या लेक्सिंग्टन गावी युद्धाची पहिली गोळी सुटली १९ एप्रिल १७७५ ला, मधे चांगले सोळा महिने गेले, लेखात मात्र सगळं त्याच आठवड्यात झाल्यासारखं वाटतं.

खरी गोष्ट दारूची आहे (बंदुकीच्या हो!). त्या दिवशी साधारण ७०० इंग्रज शिपाई बोस्टनहून निघाले ते कॉन्कर्ड गावात साठवलेला दारूगोळा जप्त करायला. वाटेत लेक्सिंग्टनला गावची आठ माणसं गेली, पहिली गोळी कुणी झाडली ते आजतागायत ठरलेलं नाही. कॉन्कर्डला पोचेपर्यंत बराचसा माल आधीच हलवलेला, मग जे सापडलं ते मोडा, जाळा, बंदुकीच्या गोळ्या गिरणीच्या तळ्यात फेका, आणि त्यातल्या बऱ्याचशा गावकऱ्यांनी नंतर परत काढल्या! परतीच्या वाटेवर कुंपणांच्या, झाडांच्या आडून गोळीबार झाला, त्या दिवसभरात इंग्रजांचे ७३ मेले आणि १७४ जखमी. कुदळीनं हे होत नाही साहेब, गावोगावी कवायत करणारी, स्वतःची बंदूक बाळगणारी माणसं होती ती.

१७ जूनच्या बंकर हिलचंही तेच, ही बोस्टनजवळच्या टेकडीवरची लढाई. अमेरिकनांनी इंग्रजांचे दोन हल्ले परतवले, तिसऱ्याला दारू संपली, संगिनी फारशा कुणाकडे नाहीत, मग बंदुकीच्या दस्त्यांनी मारामारी. टेकडी गेली, अमेरिकनांचे पुढारी डॉ. जोसेफ वॉरन तिथेच पडले, पण इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून हजाराच्या वर. तुमच्या लेखात ही ‘निर्णायक हार’ आहे, असे आणखी दोन विजय इंग्रजांना परवडले असते का?

आणि जे लेखात यायलाच हवं होतं ते नाहीच. जुलैत वॉशिंग्टन सेनापती म्हणून आले, ऑगस्टमध्ये त्यांना कळलं की कागदावर दारूची तीनशेवर पिंपं आहेत पण मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या कोठारात फक्त ३६, शेजारच्या वसाहतींची धरूनही माणशी नऊएक बार. ऐकून अर्धा तास त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही म्हणतात. दारूला सोरा लागतो, आणि तेव्हा जगातला चांगला सोरा आपल्या बिहारमध्ये, तोही प्लासीनंतर त्याच कंपनीच्या हातात! अमेरिकनांना मग फ्रान्सकडे हात पसरावा लागला, बरीचशी दारू वेस्ट इंडीजच्या बेटांवरून चोरून यायची. चहावर चार परिच्छेद आणि सोऱ्यावर एक ओळ नाही, हे पटत नाही.

पुढच्या भागात एवढं घ्याच. आणि नकाशाही दुरुस्त करा, लढाईचं नाव बंकर हिल असलं तरी ती मुख्यतः शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली, तुमचा बाण चुकीच्या टेकडीवर आहे.

आपला,
एक जुना वाचक, मिरज