विषय सक्तीचा, शिक्षक मात्र तासिकेवर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘पर्यावरण क्षेत्रातील करिअर’ असा लेख हमखास येतो. तो वाचून ओळखीचे पालक मला फोन करतात, कारण मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. विषय आला, पण त्याला पद काही आले नाही. ज्या प्राध्यापकाचा वर्कलोड (ठरलेले तास) भरत नाही त्याच्या गळ्यात हे तास पडतात, मग तो मराठीचा असो की वाणिज्यचा. प्रकल्पाच्या फायली झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. पंचगंगेतल्या केंदाळाचा एकच फोटो मी किती फायलींत पाहिला असेल!

मी कोल्हापुरात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवते. मुलांना घेऊन एक बाटली पाणी नदीच्या वरच्या अंगाचे आणि एक शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचे भरते. दोन्हींत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातले की नदीच्या बाटलीत तपकिरी साका बसतो, नाल्याच्या बाटलीत पांढरा. पांढरा म्हणजे पाण्यात प्राणवायूच नाही. मागच्या बाकावरची पोरंही तेव्हा पुढे येऊन बघतात. पण मानधन वर्गातल्या तासाचे. नदीवरची सकाळ बिलात बसत नाही, आणि सुट्टीत तर काहीच नाही.

माझ्याबरोबर एम.एस्सी. केलेले बरेच जण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत गेले. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा (पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा) अहवाल बंधनकारक केला, तेव्हापासून तिथे मागणी आहे. कामही गरजेचे आहे, माझी तक्रार नाही. पण शिकवायचीच हौस असलेल्याने करायचे काय?

प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र पद परवडत नसेल, तर एकाच संस्थेच्या तीन-चार महाविद्यालयांत मिळून एक पूर्णवेळ पद द्यावे. ते होईपर्यंत निदान क्षेत्रभेटीचे तास मानधनात धरावेत. उच्च शिक्षण विभागाने एक परिपत्रक काढले तरी एवढे होईल.

— एक तासिका प्राध्यापिका, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)