खिळेवाल्या टायरचं कौतुक जरा जपून करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बर्फात गाडी चालवण्यावर लेख आला होता, बहिणीने त्याचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, दादा तू लावलेस का हे खिळेवाले टायर, नसतील तर आजच लाव. ज्यांची मुलं-भावंडं थंड देशात आहेत त्या बऱ्याच घरांत हा लेख असाच फिरला असणार म्हणून लिहायला बसलो. लेखकाने कळकळीने लिहिलंय, त्याबद्दल वाद नाही, पण "स्टडेड टायर (म्हणजे हेच खिळेवाले) लावा आणि निर्धास्त व्हा" हे वाक्य आणि "खर्च परवडत नसेल तर निदान पुढच्या दोन चाकांना तरी लावा" हे दुसरं वाक्य, ही दोन्ही वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

आधी दुसऱ्याचं बोलतो कारण ते जास्त घातक आहे. फक्त पुढच्या चाकांना स्टड लावले तर पुढची चाकं बर्फ धरतात आणि मागची धरत नाहीत, म्हणजे ब्रेक मारला किंवा वळण घेतलं की गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं आणि गाडी स्वतःभोवती गरकन फिरते. नुसते साधे टायर असते तर गाडी कदाचित सरळ घसरत गेली असती, इथे ती आडवी जाते समोरच्या लेनमध्ये. म्हणूनच नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांत कारला स्टड लावायचे तर चारही चाकांना लावायचे असा नियम आहे, स्वीडनमध्ये तर कारला स्टड असतील तर हिवाळ्यात मागे ओढायच्या ट्रेलरलाही लागतात. दोन चाकांचे पैसे वाचवायचे असतील तर त्यापेक्षा चारही चाकांना स्टड नसलेले चांगले विंटर टायर घ्या.

आता निर्धास्त होण्याबद्दल. आपल्या बोलण्यात सगळ्यालाच बर्फ म्हणतात ना, भुसभुशीत पडलेला तोही बर्फ आणि काचेसारखा गोठलेला तोही बर्फ, मला वाटतं अर्धा घोळ तिथेच होतो. स्टड म्हणजे रबरात बसवलेली छोटी धातूची खुंटी, बाहेरचं अंग स्टीलचं किंवा अॅल्युमिनियमचं आणि मधलं टोक टंगस्टन कार्बाइडचं, बाहेर आलेला भाग जेमतेम एक-दीड मिलिमीटर. ही खुंटी काचेसारख्या बर्फात रुतते, ओरखडा काढते आणि पकड देते. पण भुसभुशीत बर्फात ती काय करणार, तिथे रुतायला कडक काही नसतंच, तिथे काम करतात टायरच्या खोल खाचा आणि रबरावरच्या त्या बारीक बारीक चिरा. कोरड्या किंवा ओल्या डांबरावर तर स्टडचा उलट तोटाच, धातूचं टोक डांबरावर घसरतं आणि थांबायला थोडं अंतर जास्त लागतं.

शिवाय काचेसारख्या बर्फातही फरक आहे हो. सगळ्यात वाईट बर्फ कधी असतो, तर शून्य डिग्रीच्या आसपास, जेव्हा वर पाण्याचा पातळ थर असतो. पाऊस पडून लगेच गोठला, किंवा दिवसा वितळलं आणि संध्याकाळी परत धरलं, तेव्हा स्टडची खरी किंमत कळते, इतर कुठलाच टायर त्याच्या जवळपास येत नाही. पण पारा उणे वीसला गेला की बर्फ कोरडा आणि कडक होतो, तो मुळात कमी निसरडा असतो आणि स्टड त्यात रुततातही कमी, मग चांगल्या मऊ रबराचा स्टडलेस टायर बराच जवळ येतो. म्हणजे लोकांना वाटतं जितकी थंडी जास्त तितकी स्टडची गरज जास्त, ते तसं नाहीये.

आणि एक हिशोब सांगतो, मी स्वतः कागदावर करून बघितला होता. ताशी ५० किमीने जाताय, ओल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरची पकड, साधारण ०.१ धरली तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला जवळपास ९८ मीटर लागतात. पकड दीडपट झाली, म्हणजे ०.१५ धरली, तर ६५ मीटर. बराच फरक पडला, मान्य. पण टायर तोच ठेवून वेग ५० वरून ३० वर आणला तर तेच अंतर ३५ मीटरवर येतं. कोरड्या डांबरावर ५० च्या वेगाला १२-१३ मीटर पुरतात हे लक्षात घेतलं की ६५ मीटर हा आकडासुद्धा निर्धास्त व्हायचा नाही हे कळेल. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांचं तर विचारूच नका, ती गाडी निघते झकास, पण थांबताना चार चाकं सगळ्यांनाच असतात.

नियमांबद्दल लेखात एकच ओळ होती की "काही देशांत उगाचच बंदी आहे". उगाच नाहीये. सगळ्यात चांगलं उदाहरण जपानचं. तिथे १९८० च्या दशकात सेंडाई, साप्पोरोसारख्या शहरांत स्टडमुळे रस्ते इतके खरवडले जायचे की हिवाळ्याच्या शेवटी बर्फ गेला की डांबराची धूळ हवेत तरंगायची, लोक मास्क लावून फिरायचे. शेवटी १९९० मध्ये कायदा केला आणि बर्फ नसलेल्या पक्क्या रस्त्यावर स्टड बंद झाले, दंडाची तरतूद १९९१ पासून लागू झाली. हवा सुधारली. पण पुढची गंमत कोणी सांगत नाही. स्टडवाल्या गाड्या जाताना बर्फ खरवडून खडबडीत करायच्या आणि त्याचा फायदा मागून येणाऱ्या बिनस्टडवाल्यालाही व्हायचा. त्या गेल्यावर स्टडलेस टायरच्या चाकांनी चौकाचौकात बर्फ घासून घासून आरसा केला, लोक चालतानाही आपटायला लागले. म्हणजे फुकटचा फायदा आणि फुकटचा तोटा दोन्ही चालतात. बिनस्टडवाला दुसऱ्याच्या स्टडने केलेल्या खडबडीत रस्त्यावर जातो आणि स्टडवाल्याने उडवलेली धूळ सगळे मिळून खातात.

म्हणूनच बहुतेक देशांनी सरसकट हो किंवा नाही न म्हणता मधला रस्ता काढलाय. स्वीडनमध्ये स्टड चालतात १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, फिनलंडमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, नॉर्वेत १ नोव्हेंबरपासून ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंत, पण उत्तरेकडच्या भागात १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. अमेरिकेतल्या अलास्कात तर ६० अंश अक्षांशाच्या वर एक तारीख आणि खाली दुसरी. शहरांनी वेगळेच उपाय केलेत, स्टॉकहोमने हॉर्न्सगाटन नावाच्या रस्त्यावर २०१० पासून स्टडवाल्या गाड्यांना बंदीच घातली, ऑस्लोमध्ये स्टड लावून शहरात फिरायचं तर फी भरा. स्वित्झर्लंडमध्ये स्टड असतील तर ८० च्या वर जायचं नाही आणि मोटरवेवर, एक-दोन तुकडे सोडले तर, यायचंच नाही. ऑस्ट्रियात मोटरवेवर १००, गावाबाहेरच्या बाकी रस्त्यांवर ८०, वर गाडीच्या मागे स्टड असल्याचं स्टिकर.

जर्मनीत मात्र १९७५ पासून बंदी, अपवाद फक्त ऑस्ट्रियाच्या हद्दीलगत एका कोपऱ्यातला १५ किमीचा पट्टा. हे मला पाठ असायचं कारण माझा मेहुणा. स्वीडनहून ख्रिसमसच्या सुट्टीत गाडी घेऊन डेन्मार्कमार्गे जर्मनीत जायचं ठरवलं, हॉटेलं बुक, पोरं आनंदात, आणि निघायच्या आदल्या रात्री फोनवर मी सहज विचारलं टायर कुठले आहेत. डेन्मार्कपर्यंत ठीक होतं, तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल चालतात, पुढे नाही. सीझनमध्ये रातोरात चार टायर बदलून कोण देणार, शेवटी ट्रेनने गेले. तुमचे जे वाचक युरोपात गाडीने फिरायचा प्लॅन करतात त्यांनी टोल-व्हिनेटच्या (मोटरवेसाठी घ्यायच्या पासच्या) आधी हे बघावं.

स्टड स्वतःसुद्धा आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कारच्या स्टडचं वजन आता साधारण एक ग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि जुलै २०१३ नंतर बनलेल्या टायरसाठी नॉर्डिक देशांत टायरच्या घेराच्या मीटरमागे ५० स्टडची मर्यादा आली, त्यापेक्षा जास्त हवे असतील तर टायर रस्ता किती झिजवतो याची टेस्ट पास करावी लागते. नवीन घेतले की पहिले ५०० किमी तरी आरामात चालवायचे, जोरात पिकअप नाही, कचकन ब्रेक नाही, म्हणजे स्टड रबरात नीट बसतात, नाहीतर पहिल्याच महिन्यात गळायला लागतात. हे टायरवाले सांगतात पण ऐकतो कोण, मीही पहिल्या वर्षी ऐकलं नव्हतं आणि मार्चपर्यंत पुढच्या एका चाकातले बरेच स्टड गायब.

लेखात एम प्लस एस (M+S, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर हिवाळ्याला चालतात असंही होतं. ती दोन अक्षरं कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर छापते, त्यामागे कुठली ठरलेली परीक्षा नसते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावरच्या चाचणीतून गेलेला असतो. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस हिवाळ्याच्या नियमात धरतच नाहीत. आणि ते चिन्हही मुख्यतः भुसभुशीत बर्फाच्या पकडीबद्दल आहे, काचेसारख्या बर्फाबद्दल नाही, त्यासाठी युरोपच्या टायर लेबलवर २०२१ पासून वेगळं आइस ग्रिपचं चित्र येतं. स्टडवाले टायर त्या लेबलमध्ये येतच नाहीत, म्हणून लेबल शोधत बसू नका.

मग लावायचे की नाही? आमच्या घरात दोन गाड्या आहेत, एकीला स्टड आहेत आणि एकीला नाहीत. बायकोची ड्यूटी पहाटेची, तिचा रस्ता चढ-उताराचा, तिच्या आधी तिथे ना मीठ पडलेलं असतं ना खडी, तिला स्टड पाहिजेतच, तिथे मी वाद घालत नाही. मी शहरात जातो, मीठ टाकून काळ्या केलेल्या रस्त्याने, वर्षातले मोजके पाच-सात दिवस सोडले तर माझ्या टायरला डांबरच दिसतं, त्या पाच-सात दिवशी मी बसने जातो. तिची गाडी चालवताना एक मात्र आवडतं, डांबरावर स्टडचा सारखा घर्रर्र आवाज येत असतो आणि रस्त्यावर बर्फ आला की तो आवाज एकदम बदलतो, दबतो. डोळ्यांना ब्लॅक आइस, म्हणजे डांबरावरचा न दिसणारा पातळ बर्फ, दिसायच्या आधी कानाला कळतं. बायको म्हणते म्हणूनच ती गाणी लावत नाही.

बहिणीला एवढं सगळं व्हॉट्सअॅपवर सांगितलं तर ती म्हणाली, मला नको, पेपरला लिही.

आपला,
बर्फात गाडी चालवणारा एक वाचक

ता. क. लेखाबरोबर जो फोटो छापला होता तो स्टडेड टायरचा नव्हताच, ती चाकावर गुंडाळलेली साखळी होती. ती वस्तू वेगळी, बर्फ संपला की उतरवायची असते आणि तिच्यावर साधारण ५० च्या वर जायचं नसतं. कृपया पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, नाहीतर कोणीतरी स्टड मागायला जाईल आणि साखळी घेऊन येईल.