सर, पॉम्पेईतल्या तुमच्या 'कशावरून?'साठी मनापासून आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय काकूंच्या गुडघ्यांवर नेता. आता चार लोकांसमोर लिहिल्यावर ती सोय राहणार नाही.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मराठी पर्यटकांना घेऊन युरोपात जाणारी टूर मॅनेजर. इटलीच्या सहलीत पॉम्पेई, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन गाव, असतं आणि त्याला वेळ असतो जेमतेम दोन तास. आत माहिती सांगायची ती तिथल्या परवानाधारक गाईडने. आमचं काम माणसं मोजणं, स्वच्छतागृह कुठे ते सांगणं आणि गाईडचं इंग्रजी ज्यांना झेपत नाही त्यांना मराठीत समजावणं. जन्मभर पुरातत्त्व शिकवून निवृत्त झालेले सर त्या ग्रुपमध्ये काकूंबरोबर साधे प्रवासी म्हणून आले होते. बुकिंगच्या फॉर्मवर व्यवसायापुढे त्यांनी फक्त 'निवृत्त' एवढंच लिहिलं होतं.

सर, पोर्ता मरीना या वेशीची चढण चढून आपण आत शिरलो तेव्हा सगळे व्हेसुव्हियस पाठीशी घेऊन फोटो काढत होते आणि तुम्ही रस्त्यात उकिडवे बसला होतात. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही काठीच्या टोकाने फरसबंदीतली गाड्यांच्या चाकांची चाकोरी दाखवत होतात. रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड, त्यांच्यामधून चाक जाईल एवढ्या फटी, आणि वळणावर कडेच्या दगडाची एकाच बाजूला झालेली झीज. एरिक पोहलर नावाच्या संशोधकाने गावभर हिंडून अशा खुणा तपासल्या आणि कुठल्या गल्लीत गाड्या कुठल्या दिशेने जात ते मांडलं, हे तुम्ही तिथेच उकिडव्याने सांगितलंत. म्हणजे एकेरी वाहतुकीचे नियम! त्या नियमांचा एकही कागद उरलेला नाही. उरली ती दगडावरची झीज, आणि ती बोलती झाली. मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "आमच्या पेठेत पाट्या आहेत, तरी कोणाला कळत नाही."

मग अबुंदांत्सा रस्त्यावरचं ते कारंजं. पाणी प्यायला वाकणारी माणसं हात टेकून टेकून कठड्याचा दगड एका जागी गुळगुळीत खोलगट झालाय. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त काकूंना तिथे हात ठेवायला सांगितलंत. हात बरोबर बसला.

पण मला ज्यासाठी आभार मानायचे आहेत ते त्या संध्याकाळी बसमध्ये घडलं. गाईडने उद्रेकात मेलेल्या माणसांच्या प्लास्टरच्या साच्यांच्या काचेसमोर सोन्याच्या बांगडीवाल्या आईची गोष्ट सांगितली होती. जिन्याखाली सापडलेलं कुटुंब, मांडीवर मूल, हातात जाड सोन्याची बांगडी. बायकांचे डोळे भरून आले होते. तुम्ही ग्रुपसमोर त्या गोष्टीला हात लावला नाहीत, तेही मला आवडलं. बसमध्ये मात्र माझ्या शेजारच्या सीटवर येऊन हळूच विचारलंत, "ती आईच होती, हे कशावरून?"

म्हटलं, "बांगडीवरून."

"म्हणजे बांगडी सापडली. आई आपण आणली."

ते साचे कसे तयार झाले हे तुम्ही मग सांगितलंत. राख घट्ट बसली, आतलं शरीर कुजून गेलं आणि त्याच्या आकाराची पोकळी राहिली. उत्खननाचा प्रमुख जुझेप्पे फियोरेल्लीने १८६३ मध्ये त्या पोकळीत पातळ प्लास्टर ओतायची युक्ती काढली. पेणला गणपतीच्या साच्यात ओततात तसंच, फरक इतकाच की इथे साचा माणसाने स्वतःच्या देहाने केलेला. हाडं मात्र प्लास्टरच्या आतच राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बांगडीवाली व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. मिठी मारलेल्या 'दोन बहिणीं'पैकीही एक पुरुष निघाला. तुम्ही ती बातमी मला पाठवलीत, सोबत एक अक्षरही न लिहिता. "बघा, मी म्हटलं नव्हतं का" हे न म्हणणारी माणसं माझ्या धंद्यात फार भेटत नाहीत.

बसमधल्या त्या संध्याकाळपासूनच मी तुमच्या मागे लागले होते. दुपारी जेवण झाल्यावर तुमच्या व्हॉइस नोट्स यायच्या, मागे काकूंच्या भांड्यांचा आवाज. उद्रेकाची तारीख घ्या. पुस्तकांत २४ ऑगस्ट, इ.स. ७९. कशावरून? धाकट्या प्लिनीच्या पत्रावरून. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता, खाडीपलीकडे मिसेनमला. त्याने तो ढग पाहिला, छत्रीसारख्या पाइन झाडाच्या आकाराचा, आणि बऱ्याच वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला त्याबद्दल दोन पत्रं लिहिली. पण ती पत्रं आपल्यापर्यंत आली नकलांवर नकला होत, आणि तारीख उतरवताना चूक व्हायला कितीसा वेळ लागतो! शिवाय जमिनीतून डाळिंबं, अक्रोड, शेगड्या निघालेल्या, म्हणजे हवा शरद ऋतूची. मग २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबरची. मी उड्या मारत तुम्हाला फोन केला, की निकाल लागला. तुम्ही शांतपणे विचारलंत, "वर्ष लिहिलंय का त्यात?" नाही लिहिलेलं. आता मी ग्रुपला सांगते की शरद ऋतूचं पारडं जड आहे, आणि पुढे गप्प बसते.

त्याच पत्रांबद्दल तुम्ही आणखी एक गोष्ट दाखवलीत, जी मी रोज ऐकूनही कधी लक्षात घेतली नव्हती. त्या दोन पत्रांत पॉम्पेईचं नावच नाही. गाव नकाशावरून इतकं पुसलं गेलं की १५९० च्या दशकात दोमेनिको फोंताना नावाच्या वास्तुरचनाकाराने पाण्याचा कालवा थेट त्याच्या पोटातून नेला, तरी कोणाच्या ध्यानात आलं नाही. १७४८ मध्ये राजाच्या हुकमाने खोदकाम सुरू झालं तेही 'हे शेजारचं स्टॅबिए गाव असावं' अशा समजुतीने. नाव पटलं १७६३ मध्ये, शिलालेख हाती लागल्यावर. पंधरा वर्षं माणसं मूर्ती आणि चित्रं उपसत होती, आणि गाव कुठलं ते माहीत नाही! यावर तुम्ही व्हॉइस नोटमध्ये जो सुस्कारा टाकलात तो मी जपून ठेवलाय.

तुमचा लाडका माणूस फियोरेल्ली, पण साच्यांमुळे नाही. पत्त्यांमुळे. त्याने गावाचे विभाग पाडले, विभागात घरांचे गट, गटात दारांचे क्रमांक. कुठली वस्तू कुठल्या दारामागे मिळाली हे नोंदलं नाही तर ती नुसती शोभेची वस्तू, हे तुमचं वाक्य मी आता माझंच असल्यासारखं वापरते. माफ करा.

त्याच पत्त्यांमुळे मला १-८-५ (पहिला विभाग, आठवा गट, पाचवं दार) भेटलं, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ याच घरावरून होतो. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरीला या घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. उंची साधारण २५ सेंटीमीटर, अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात 'गुप्त दालना'त ठेवलेली असते. त्या दालनातल्या इतर वस्तू बघून आमच्या काकू मंडळींचे चेहरे जे होतात ते इथे लिहीत नाही. मोबाईलवर मात्र दर थोड्या दिवसांनी फिरतं: 'पॉम्पेईत सापडली आपली महालक्ष्मी, बनली महाराष्ट्रात!'

मला वाटलं होतं की मराठी ग्रुपला हे छातीठोक सांगायला तुमची हरकत नसेल. तुम्ही म्हणालात, "सांगा, पण पुरावा सगळा सांगा." जालन्याजवळच्या भोकरदनच्या उत्खननात अगदी याच घडणीची हस्तिदंती मूर्ती तुटलेल्या अवस्थेत मिळाली. तेरलाही तशी आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई, हे त्या काळातल्या व्यापाऱ्यांसाठीच्या एका ग्रीक मार्गदर्शिकेत लिहिलंय. इथवर आपली बाजू भक्कम. पण मूर्तीच्या पायाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्राम इथेही हस्तिदंती कामाचा मोठा साठा निघालाय. आणि लक्ष्मी कशावरून? हातात कमळ नाही, हत्ती नाहीत. यक्षी असेल, नुसती नटलेली बाई असेल. डोक्यात वरून आरपार भोक आहे, म्हणजे ती फर्निचरचा पाय असायची शक्यता आहे. "देवी म्हणून हात जोडण्याआधी टेबलाचा पाय आहे का ते बघा" हे तुमचं वाक्य मी ग्रुपला सांगत नाही. मला पुढच्या सीझनलाही काम हवंय.

पण या मूर्तीमागची जी खरी गंमत तुम्ही सांगितलीत ती मी दर वेळी सांगते आणि दर वेळी बसमध्ये शांतता होते. भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने, म्हणजे धाकट्याच्या मामाने, लिहून ठेवली आहे. मिरी, मोती, तलम कापड यांच्यापायी रोमचा पैसा चाललाय, हे त्याचं दुखणं. हाच प्लिनी पुढे मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख झाला, उद्रेक झाल्यावर जहाजं घेऊन माणसं सोडवायला निघाला आणि स्टॅबिएच्या किनाऱ्यावर मेला. आणि ज्या राखेत तो गेला त्याच राखेखाली, काही मैलांवर, कोणाच्या तरी घरात ही भारतातून आलेली चैनीची वस्तू होती. अशी गोष्ट रचून सांगितली तर लोक म्हणतील जरा जास्तच झालं.

मोदेस्तुसच्या बेकरीतल्या भट्टीत सापडलेल्या ८१ पावांबद्दल, पाचव्या विभागातल्या त्या खाणावळीच्या काउंटरबद्दल (बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगाय, सगळ्याचे अवशेष एकाच जागी, आमच्या शाकाहारी मंडळींनी तिथून पाय काढला) लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही. फक्त भिंतींना पाडलेली ती भगदाडं. मी त्यांना उद्रेकाची नासधूस समजून पुढे जात असे. तुम्ही थांबवून विचारलंत, ही कधीची? ती उद्रेकानंतरची. माणसं परत आली, वरून खाली खणत गेली आणि भिंती फोडत एका खोलीतून दुसरीत शिरली, पुरलेलं काढायला. स्वतःचं की दुसऱ्याचं, ते भिंत सांगत नाही.

आणि ६६ हेक्टरपैकी जवळजवळ एक तृतीयांश गाव अजून खणलेलंच नाही. प्रवासी हळहळतात. तुम्ही मात्र त्या हिरव्या उंचवट्याकडे बघून खूष झाला होतात. २०१० मध्ये ग्लॅडिएटरांची म्हणून ओळखली जाणारी इमारत कोसळली, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. उघडं केलेलं सांभाळता येत नसेल तर झाकलेलं बरं, पुढच्यांकडे आपल्याहून चांगली साधनं असतील. फियोरेल्लीच्या वेळी हाडं फेकून दिली असती तर २०२४ मध्ये कोणाचं काय तपासलं असतं?

आता माझ्या ग्रुपमध्ये होतं काय, की पहिल्या अर्ध्या तासात मी 'कशावरून?' हा प्रश्न दोनदा विचारते आणि त्यानंतर लोक स्वतःच गाईडला विचारायला लागतात. परवा एका आजोबांनी तर असा धारेवर धरला, की तो बिचारा मला बाजूला घेऊन म्हणाला, तुमचे लोक वकील आहेत का? दोन तासांत निम्मंच गाव बघून होतं. तक्रार अजून एकाचीही आलेली नाही.

एक काम आहे, सर. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जातेय. ब्रह्मपुरीच्या उत्खननातला तो काशाचा छोटा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) टाउन हॉल संग्रहालयात आहे, तो बघायचाय. जाण्याआधी तुमचे प्रश्न पाठवा. व्हॉइस नोट कितीही लांबली तरी चालेल, फक्त काकूंना तेवढा वेळ कुकर लावू नका म्हणावं. मागच्या वेळी शिट्ट्यांमध्ये सातवाहनांचं अर्धं वाक्य गेलं.

आपली,
टूरवाली विद्यार्थिनी