प्रायश्चित्त मिळत नाही, घ्यावे लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाच घेताना कुणी पकडला गेला की 'अखेर केल्या कर्माचे प्रायश्चित मिळाले' असा मथळा हमखास छापून येतो. आपल्या अंकातही मी तो वाचला आहे. मिळते ती शिक्षा. तिथे कृपया 'शिक्षा'च छापा, आणि 'प्रायश्चित्त' लिहिताना शेवटी दोन त लिहा.

जुन्या ग्रंथांत या शब्दाची फोड दिली आहे: 'प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते'. प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. निश्चय ज्याचा त्यानेच करायचा. तो कोर्टालाही कुणावर लादता येत नाही. त्याआधी वैदिक वाङ्मयात 'प्रायश्चित्ति' येते ती यज्ञात झालेली चूक निस्तरण्यासाठी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात किरकोळ चोरीला सांतपन कृच्छ्र हे उपवासाचे कडक व्रत सांगितले आहे, पण चोरलेली वस्तू आधी परत करून. आपल्या चिपळूण तालुक्यात जन्मलेल्या भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड लिहिताना या विषयाला केवढी जागा दिली आहे!

मला हा शब्द कळला तो घरीच. मी दहा-बारा वर्षांचा असताना वडिलांनी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नव्याने रचला आणि शेजाऱ्यांच्या आवारात हातभर आत सरकवला. शेजारचे काका मुंबईला गिरणीत, घरात एकटी म्हातारी आई. तिने पाहिले असेल, बोलली मात्र काही नाही. दोन पावसाळ्यांनी ती गेली, आणि वडिलांचे जेवणातले लक्ष उडाले. शेवटी भटजींकडे गेले, मी सोबत होतो. "काहीतरी प्रायश्चित्त सांगा." भटजी सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी दगड जागच्या जागी ठेव. मग ये."

गडी लावला नाही. रोज संध्याकाळी वडील एकटेच दगड वाहायचे; जांभ्याच्या धुळीने खांदे लाल व्हायचे. शिमग्याला काका गावी आले. गडगा हलला होता आणि परत आला होता, त्यांना पत्ताही नव्हता. वडील गप्प राहिले असते तरी चालले असते. मनूने पाप फिटण्याच्या उपायांत 'ख्यापन' म्हणजे आपल्या तोंडची कबुली पहिली घातली आहे, हे मी पुष्कळ पुढे वाचले. वडिलांनी ते वाचलेले नव्हते. ते काकांच्या खळ्यात गेले आणि चार माणसांदेखत सगळे सांगून टाकले.

काका काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला.

आपला,
एक वाचक, गुहागर