देणगी केवळ बांधकामापुरती नको

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, तर दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या. कलिना संकुलात माजी विद्यार्थ्यांना भेटायला-बसायला हक्काचे दालन हवे, यासाठी आमच्या बॅचचे अनेकजण आज पैसे द्यायला तयार आहेत. पण देणगी बांधकामातच संपली, तर पुढे पंखा दुरुस्त करायलाही निधी उरत नाही आणि खोलीला कुलूप लागते. म्हणून प्रत्येक देणगीचा ठरावीक हिस्सा मुदत ठेवीत ठेवावा. व्याजातून वीजबिल, सफाई, शिपायाचा पगार भागवावा. पाचशे रुपये देणाऱ्यालाही पावती आणि वार्षिक हिशेब मिळावा. दालनाला मोठ्या देणगीदाराचे नाव जरूर द्या, पण ते रविवारीही उघडे ठेवा. नोकरदारांना तोच दिवस मोकळा असतो.

– एक माजी विद्यार्थिनी, डोंबिवली